लीलावतीचे आचार्य : भास्कराचार्य

शाळेत शिकविल्या जाणाऱ्या विषयांत गणिताइतका धाक दुसऱ्या कोणत्याही विषयाचा नसेल. आणि गणितातही शाब्दिक उदाहरणांइतका धाक दुसऱ्या कशाचाही नसेल. ज्या मुलास बेरीज-वजाबाकी अचूक येते, पाढे ज्याच्या जिभेवर खेळतात, तेच मूल उदाहरणाच्या आरंभी एखादा व्यापारी किंवा एखादा प्रवासी भेटला, की गोंधळून जाते. आकडे ओळखीचे असतात, क्रियाही ओळखीच्या असतात. परंतु वाक्यांच्या आड त्या दडून बसलेल्या असतात. मग मूल पाटी घेऊन घरातील वडील माणसाकडे येते आणि पुसते, की येथे गुणावे की भागावे? वडील माणूस घाईत असतो. तो एका शब्दात उत्तर देऊन मोकळा होतो. उदाहरण सुटते, मूल मात्र होते तेथेच राहते. असे वारंवार घडले, म्हणजे ते मूल आपल्याला गणित येत नाही असे मनाशी ठरवून टाकते. आणि एकदा मनाने घेतलेली ही समजूत पुढे जन्मभर जात नाही.

ही अडचण आजची नव्हे. सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी एका थोर आचार्याने ती ओळखली होती, आणि तिच्यावरील उपाय एका लहानशा ग्रंथात रचून ठेवला होता. तो ग्रंथ म्हणजे 'लीलावती', आणि ते आचार्य म्हणजे भास्कराचार्य. त्यांचे नाव आपण सर्वांनीच ऐकले आहे. परंतु थोर गणिती म्हणून त्यांस वंदन करून आपण पुढे जातो. ते थोर शिक्षकही होते हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून त्यांच्या चरित्राची ही बाजू येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जलविड हे त्यांचे गाव, आणि शांडिल्य हे त्यांचे गोत्र. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या विद्येचे उपासक होते. या घराण्यातील एका पूर्वजास धारच्या भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती, असा उल्लेख त्यांच्या वंशाच्या शिलालेखात आढळतो. आम्हां माळव्यात वसलेल्या मराठी मंडळींस या उल्लेखाचे विशेष अप्रूप वाटावे, यात नवल नाही. धारेची विद्या आणि सह्याद्रीची विद्या यांचे नाते किती जुने आहे, याची ती साक्ष होय. शिवाय आमची शेजारीण जी उज्जयिनी, तिच्यावरून जाणारी रेषा हीच भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा होती. देशातील इतर ज्योतिर्विदांप्रमाणे भास्कराचार्यांनीही आपल्या ग्रहगणितासाठी तीच रेषा मानली.

भास्कराचार्यांचे वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी व पंडित होते, आणि तेच पुत्राचे गुरू झाले. त्या काळी कागदाची चैन नव्हती. पाटीवर धूळ पसरून तीवर बोटाने किंवा काडीने आकडे काढावयाचे, पुसावयाचे आणि पुन्हा काढावयाचे, अशी रीत होती. म्हणूनच अंकगणितास पाटीगणित हे नाव पडले. पुसून पुन्हा मांडण्यात त्या विद्यार्थ्यांस कमीपणा वाटत नसे. धुळीचा स्वभावच तसा आहे. आज वहीतील खाडाखोडीची लाज बाळगणाऱ्या मुलांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा आपला महान ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावतीत अंकगणित व क्षेत्रगणित आहे. बीजगणितात अव्यक्त राशींचा विचार आहे. ग्रहगणितात आकाशस्थ गोलांच्या गतीचा हिशेब आहे. आणि गोलाध्यायात त्या हिशेबामागील उपपत्ती आहे. बीजगणितात त्यांनी चक्रवाल नावाची रीत दिली आहे. ज्या पूर्ण संख्येच्या वर्गास ६१ ने गुणून १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच मिळतो, अशी संख्या त्यांनी या रीतीने शोधून काढली. तिचे सर्वांत लहान उत्तर नऊ अंकी आहे. हाच प्रश्न फ्रान्समधील फेर्मा या गणितज्ञाने इ. स. १६५७ मध्ये युरोपातील विद्वानांपुढे आव्हान म्हणून ठेविला, तेव्हा भास्कराचार्यांस तो सोडवून पाचशे वर्षे लोटली होती.

एवढ्या उंचीवर पोचलेल्या पुरुषाने मुलांसाठी लिहावयास बसावे, हेच मुळी आश्चर्य होय. लीलावतीचा आरंभ अगदी बाजारातील हिशेबापासून होतो. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क, अशी कोष्टके प्रथम येतात. मग मोजमापे, मग मूळ क्रिया, मग अपूर्णांक, मग त्रैराशिक, व्याज, क्षेत्रफळे, अशा पायऱ्यांनी ग्रंथ वर चढत जातो. आणि जवळजवळ प्रत्येक पायरीवर एखादे उदाहरण वाचकाची वाट पाहत उभे असते.

ही उदाहरणे कोणाला उद्देशून आहेत, हे पाहणे मोठे मनोरंजक आहे. कधी एखाद्या मित्रास, कधी व्यापाऱ्यास, आणि अनेकदा एका चपळ डोळ्यांच्या मुलीस हाक मारून आचार्य प्रश्न विचारतात. त्या मुलीचेच नाव लीलावती. ती आचार्यांची कन्या होती, विवाहाची घटका मोजणाऱ्या पात्रात तिच्या अलंकारातील मोती पडून छिद्र बुजले, मुहूर्त टळला, आणि तिच्या दुःखावर फुंकर घालण्यासाठी पित्याने तिच्या नावे हा ग्रंथ रचला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. अकबराच्या दरबारातील फैजी याने इ. स. १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले. त्याच्या प्रस्तावनेत ही कथा येते. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. परंतु ग्रंथातील स्वर मात्र खरा आहे. समोर बसलेल्या एका विद्यार्थ्याशी बोलत बोलत गणित शिकविण्याचा तो स्वर आहे. उत्तर सांगून मोकळे होण्याची घाई त्यात नाही.

आता या आचार्यांचे उदाहरण कसे असते ते पाहू. भुंग्यांचा एक थवा आहे. त्याचा पाचवा हिस्सा कदंबावर जाऊन बसला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर गेला, आणि या दोन हिश्शांत जे अंतर, त्याच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलांकडे उडाले. एक भुंगा तेवढा केतकी आणि मालती यांच्या सुगंधांत सापडून मध्येच घिरट्या घालीत राहिला. तर थव्यात एकंदर भुंगे किती?

हे उदाहरण वाचताच अपूर्णांकांची भीती वाटण्याऐवजी डोळ्यांपुढे एक बाग उभी राहते. येथेच आचार्यांचे कौशल्य आहे. ज्यास ती बाग दिसली, त्यास उदाहरण अर्धे समजले. राहिलेल्या अर्ध्यासाठी त्यांनी इष्टकर्म नावाची रीत दिली आहे. तिचे मर्म असे, की उत्तर ठाऊक नसेल तर भिऊन बसू नये. सोयीची एखादी संख्या खुशाल मानावी आणि उदाहरणात सांगितले आहे तसेच तिच्याशी वागावे. समजा, थव्यात ३० भुंगे आहेत. पाचवा हिस्सा ६, तिसरा हिस्सा १०, अंतर ४, त्याची तिप्पट १२. सर्व मिळून २८ गेले, उरले २. उदाहरणात तर एकच भुंगा उरला आहे. दोन उरतात तेव्हा थवा ३० चा, तर एक उरेल तेव्हा १५ चा. आता ताळा पाहू : ३, ५ आणि ६ मिळून १४ गेले, एक उरला. उत्तर बरोबर आहे.

या रीतीत आम्हांस जो मोठा गुण दिसतो तो असा : ती मुलाच्या हाती लगेच काहीतरी काम देते. रिकामी पाटी पुढे घेऊन बसलेल्या मुलाचे मन भयाने भरते. तेच मूल ३० मानून हिस्से काढू लागले, म्हणजे उदाहरणाशी त्याची ओळख होऊ लागते. मानलेली संख्या चुकीची असली तरी बिघडत नाही. ती चूकच उत्तराकडे बोट दाखविते.

लीलावतीतील आणखी दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिल्यात निर्मळ कमळांची एक रास आहे. तिचा तिसरा हिस्सा शंकरास, पाचवा विष्णूस, सहावा सूर्यास आणि चौथा देवीस वाहिला. उरलेली सहा कमळे गुरूंच्या चरणी अर्पण केली. दुसऱ्यात एक यात्रेकरू आहे. त्याने आपल्या धनाचा अर्धा भाग प्रयागास दिला, उरलेल्याचे दोन नवमांश काशीस खर्चिले, मग उरलेल्याचा चौथा हिस्सा वाटेत जकातीपायी गेला, आणि त्यातून जे राहिले त्याचे सहा दशांश गयेस वेचले. घरी परतला तेव्हा त्याच्यापाशी ६३ निष्क होते.

वरवर पाहता दोन्ही उदाहरणे सारखीच भासतात. परंतु पहिल्यात प्रत्येक हिस्सा मूळ राशीचा आहे, आणि दुसऱ्यात पहिला वगळता प्रत्येक हिस्सा उरलेल्या धनाचा आहे. एवढ्या एका शब्दाने सारे पालटते. जो विद्यार्थी घाईने वाचील आणि यात्रेकरूचे सर्व हिस्से मूळ धनाचे समजेल, त्याच्या हिशेबात तो बिचारा यात्रेकरू आपल्यापाशी होते त्याच्या दीडपटीहून अधिक खर्च करून बसेल! अशा वेळी चूक गुणाकाराची नसते की भागाकाराची नसते. ती वाचण्याची असते. मुलाचे गणित कच्चे आहे असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याचे वाचन उतावळे असते, इतकेच.

कमळांचे उदाहरण इष्टकर्माने सहज सुटते. ६० कमळे मानली, तर २०, १२, १० आणि १५ मिळून ५७ वाहिली जातात आणि ३ उरतात. सहा उरावयाची असल्यामुळे रास १२० ची. यात्रेकरूसाठी मात्र आचार्यांची आणखी एक रीत फार उपयोगी पडते. ती म्हणजे विलोम विधी, अर्थात शेवटापासून आरंभाकडे उलट चालत जाणे. वाटेत जेथे गुणिले असेल तेथे भागावे, जेथे वजा केले असेल तेथे मिळवावे. यात्रेकरूचे बोट धरून आपण घरापासून मागे चालू लागू. ६३ निष्क म्हणजे गयेपूर्वीच्या धनाचे चार दशांश. म्हणून ते धन १५७॥ निष्क. जकातीनंतर तीन चतुर्थांश राहिले होते. म्हणून त्यापूर्वी २१०. काशीनंतर सात नवमांश राहिले होते. म्हणून त्यापूर्वी २७०. आणि प्रयागास अर्धे दिले होते. म्हणून निघताना ५४० निष्क. आता पुन्हा त्याच्याबरोबर पुढे जाऊन पाहावे, म्हणजे ताळा मिळतो.

अलीकडे मुलांस एक सोपी युक्ती शिकविली जाते. उदाहरणात 'एकूण' दिसले की बेरीज करावी, 'उरले' दिसले की वजाबाकी करावी. यात्रेकरूच्या उदाहरणात उरण्याची गोष्ट पावलोपावली येते. पण मुळात किती होते हेच ठाऊक नाही, तेथे वजाबाकी करणार कशातून? ही युक्ती सोप्या उदाहरणांत मुलास तारते आणि कठीण उदाहरणांत बुडविते. भास्कराचार्यांच्या उदाहरणांत अशा युक्तीस थारा नाही. घडलेली हकीकत समजून घेतल्यावाचून ती सुटत नाहीत. आणि ती मुद्दाम तशीच रचलेली आहेत असे आम्हांस वाटते.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी एक आकृतीचे उदाहरणही सांगतो. सरोवरात एक कमळकळी पाण्याच्या वर एक वीत, म्हणजे अर्धा हात, डोलत आहे. वाऱ्याने ती हळूहळू कलली आणि दोन हात अंतरावर पाण्यात बुडाली. तर पाणी किती खोल? येथे आकृती काढल्यावाचून चालत नाही. उभी खोली ही एक बाजू, दोन हातांचे अंतर ही दुसरी बाजू आणि कललेला देठ हा कर्ण, असा काटकोन त्रिकोण दिसू लागतो. देठ खोलीपेक्षा अर्ध्या हाताने लांब आहे. अंतराचा वर्ग ४. त्यास अर्ध्याने भागले असता ८ मिळतात. ही देठ व खोली यांची बेरीज. त्यांची वजाबाकी अर्धा हात. म्हणून खोली पावणेचार हात आणि देठ सव्वाचार हात. पाण्यात न उतरता, केवळ काठावर उभे राहून त्याची खोली मोजता यावी, यापरते बुद्धीचे कौतुक ते कोणते?

बुद्धीवरील हा विश्वास भास्कराचार्यांच्या सर्व लेखनात भरून राहिला आहे. बीजगणिताचे खरे बीज अक्षरांत नसून निर्मळ बुद्धीत आहे, असे त्यांचे मत होते. आणि मंदबुद्धीच्या विद्यार्थ्यास मार्ग दिसावा म्हणूनच रीतींचा एवढा विस्तार आपण करीत आहो, असाही त्यांचा भाव आहे. सिद्धान्तशिरोमणीवर त्यांनी स्वतःच 'वासनाभाष्य' नावाची टीका लिहिली. नियम सांगून न थांबता तो नियम का खरा, हे उलगडून दाखविण्याचे कष्ट त्यांनी घेतले. जो मार्ग आपणास सोपा झाला, तो इतरांसही सोपा व्हावा, ही तळमळ त्यामागे होती.

उतारवयातही ही तळमळ ओसरली नाही. इ. स. ११८३ मध्ये, वयाच्या एकुणसत्तराव्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' हा ग्रंथ रचला. ग्रहांचे गणित थोडक्यात व सुलभपणे करता यावे, हा त्याचा हेतू होय. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर हाही मोठा विद्वान झाला, आणि यादव राजा जैत्रपाल याने त्यास आपल्या पदरी नेले. लक्ष्मीधराचा पुत्र चंगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. या चंगदेवाने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून पाटण येथे एक मठ स्थापिला. हे पाटण जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ आहे. तेथील इ. स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्धीस आणला, आणि भास्कराचार्यांच्या घराण्याची परंपरा जगास कळली.

त्या शिलालेखातील एक गोष्ट आमच्या मनास फार भावते. त्याचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. परंतु मठाच्या खर्चाची व्यवस्था ज्या ओळींत सांगितली आहे, त्या जुन्या मराठीत आहेत. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर आणि तेलाच्या घाण्यांवर मठासाठी ठरावीक हिस्सा लावून दिला होता. म्हणजे गणिताच्या त्या पाठशाळेतील दिवा गावच्या तेलावर जळत होता, आणि तिचा निर्वाह गिऱ्हाइकांच्या व दुकानदारांच्या हिश्शांवर चालत होता. लीलावतीतील हिश्शांची उदाहरणे अशी प्रत्यक्ष जीवनात उतरली होती. पंडितांचे गुणगान संस्कृतात आणि व्यवहाराचा हिशेब मराठीत, ही वाटणीही अर्थपूर्ण आहे. हिशेब सर्वांस कळला पाहिजे, आणि सर्वांस कळावयाचा तर तो घरच्या भाषेत असला पाहिजे.

पुढे लीलावतीचा प्रवास दूरवर झाला. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी इ. स. १५४५ मध्ये तीवर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. फैजीच्या फारसी भाषांतराचा उल्लेख वर आलाच आहे. १८१६ मध्ये टेलर यांचे इंग्रजी भाषांतर मुंबईत छापले गेले, आणि १८१७ मध्ये कोलब्रुक यांचे लंडनमध्ये. भारताने १९७९ व १९८१ मध्ये पृथ्वीचे निरीक्षण करणारे जे दोन उपग्रह आकाशात सोडले, त्यांसही भास्कर हेच नाव दिले. ज्या पुरुषाने धुळीच्या पाटीवर ग्रहांच्या गती मांडल्या, त्याचे नाव अशा रीतीने खरोखरीच आकाशात फिरून आले.

परंतु आमच्या मते भास्कराचार्यांचे खरे स्मारक उपग्रहात नाही, तसे ते शिलालेखातही नाही. ते आपल्या घरात आपण उभारू शकतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस धाकटी भावंडे आहेत, आणि संध्याकाळी एखादे अडलेले उदाहरण घेऊन ती तुमच्यापाशी येतात. तेव्हा गुणावे की भागावे याचे उत्तर देऊन त्यांस वाटेला लावू नका. उदाहरण पुन्हा एकदा सावकाश वाचावयास सांगा. त्यात कोण आहे, काय घडले, कशाचा हिस्सा गेला आणि काय विचारले आहे, हे त्याच्याच शब्दांत त्यास सांगू द्या. चित्र काढता येत असेल तर काढू द्या. काहीच सुचत नसेल तर एखादी संख्या मानून पुढे चालू द्या. शेवट ठाऊक असेल तर उलट चालू द्या. आणि उत्तर आले म्हणजे ते पुन्हा उदाहरणात ठेवून ताळा पाहावयास लावा, म्हणजे उत्तर बरोबर आहे की नाही हे विचारण्यासाठीदेखील त्यास दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.

यास वेळ लागेल. चार उदाहरणे होण्याच्या जागी एकच होईल. परंतु त्या एका उदाहरणाने मुलाच्या मनातील भीती गेली आणि आपणासही बुद्धी आहे हा विश्वास त्याच्या ठायी उत्पन्न झाला, तर तो वेळ सार्थकी लागला असे समजावे. गणित ही काही निवडक लोकांस मिळालेली देणगी नव्हे. सावकाश वाचणाऱ्या आणि न भिता मांडून पाहणाऱ्या प्रत्येकाची ती विद्या आहे. भास्कराचार्यांच्या चरित्रापासून आमच्या विद्यार्थिमित्रांनी एवढा एक बोध घेतला, तरी या लेखाचे श्रम सफल झाले असे आम्ही मानू.